मुंग्या घालवाव्यात, पण जपून

वर्धा जिल्ह्यात वैशाखाचे ऊन तापू लागले, पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला, की माणसे सावलीला जातात आणि मुंग्या स्वयंपाकघरात येतात. माठाच्या तिवईखाली, कूलरच्या ठिबकणाऱ्या नळीपाशी, दुधाच्या गंजाभोवती त्यांची बारीक रांग दिसू लागते. पुढे मृगाचा पाऊस पडतो, जमिनीतील वारुळांत पाणी शिरते आणि पांढरी अंडी तोंडात धरून दुसरी लाट घरात येते. म्हणजे वर्षातील चार-पाच महिने हा पाहुणचार घडतोच, मग घर हिंगणघाटच्या गल्लीतले असो, आर्वीच्या वाड्यातले असो की वर्धा शहरातील नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचे.

निरोगी, तरुण माणसांच्या घरात मुंग्या हा केवळ त्रास असतो. पण ज्या घरात सत्तरी-ऐंशीतील आजी-आजोबा आहेत, कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाला अंधुक दिसते किंवा कोणाची स्मृती क्षीण झाली आहे, तेथे या प्रश्नाला आरोग्याचे परिमाण लाभते. मुंग्यांपासून होणारा अपाय बहुधा मर्यादित असतो. त्यांना मारण्यासाठी घाईघाईने आणलेल्या पदार्थापासून होणारा अपाय मात्र फार मोठा असू शकतो. म्हणूनच या लेखात मुंग्या घालवण्याचे उपाय सांगताना एकच कसोटी धरली आहे: जो उपाय घरातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीसाठी सुरक्षित, तोच आपल्या स्वयंपाकघरासाठी योग्य.

मुंगी घरात का येते?

आपल्याला ओट्यावर दिसते ती प्रत्येक मुंगी कामकरी मादी असते. तिचे काम एकच, अन्न आणि पाणी शोधून वसाहतीत नेणे. वाट शोधणाऱ्या मुंगीला साखरेचा एक कण सापडला, की परतताना ती पोट जमिनीला टेकवत एक गंधद्रव्य सोडत जाते. मागून येणाऱ्या मुंग्या त्या गंधाचा मागोवा घेत येतात आणि परतताना आपलाही गंध त्यात मिसळतात. अशी वाट क्षणोक्षणी ठळक होत जाते. आपल्याला दिसणारी सरळ रेघ ही खरे तर वासाची पायवाट असते. अन्न संपले, की गंध विरतो आणि वाट ओसाड पडते. मुंग्यांचा बंदोबस्त करण्याचे निम्मे शास्त्र या एका गोष्टीत आहे.

आपल्या स्वयंपाकघरांत आढळणाऱ्या बारीक मुंग्या एकाच जातीच्या नसतात. जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या, पिवळसर तांबूस मुंग्या भिंतींच्या फटींत, विजेच्या बटणांच्या पाटीमागे राहतात. इंग्रजीत त्यांना ‘फॅरो’ मुंगी म्हणतात. डोके काळसर आणि पोट फिकट, जवळजवळ पारदर्शक असलेली आणखी एक इवली मुंगी ओट्यावर भुतासारखी दिसेनाशी होते. लांब पायांच्या, दिशा हरवल्यासारख्या इकडेतिकडे धावणाऱ्या काळ्या मुंग्या वेगळ्या. त्या डंख करत नाहीत. अंगणातील तांबड्या मुंग्या मात्र कडकडून चावतात. आपल्याकडे ज्यांना माकोडे म्हणतात ते मोठे काळे मुंगळे बहुधा बाहेरच राहतात व गुळाच्या वासाने आत येतात.

जात कोणती, हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. एका कागदावर एका बाजूला साखरेचे चार कण आणि दुसऱ्या बाजूला फल्लीदाण्याचा कूट किंवा तुपाचा थेंब ठेवावा. मुंग्या कशाकडे वळतात ते अर्ध्या तासात कळते. पुढे आमिष कोणते वापरावे, याचे उत्तर तेथेच मिळते.

फवारा मारल्यावर मुंग्या का वाढतात?

अनेक घरांतून एक तक्रार ऐकू येते: ‘औषध मारले, दोन दिवस बरे गेले, आणि आता मुंग्या एकाऐवजी तीन ठिकाणांहून येतात.’ ही तक्रार खरी आहे आणि तिला कारण आहे. ओट्यावर दिसणाऱ्या मुंग्या वसाहतीचा लहानसा भाग असतात. राण्या, अंडी आणि अळ्या भिंतीच्या आत सुरक्षित असतात. फवाऱ्याने समोरच्या मुंग्या मरतात, वसाहत तशीच राहते. फॅरो मुंगीच्या वसाहतीत तर एकाहून अधिक राण्या असतात. विषाची चाहूल लागताच काही मुंग्या एखाद्या राणीला किंवा नुसत्या अळ्यांना घेऊन दुसऱ्या फटीत संसार थाटतात. आपण एका घराचे तीन संसार करून ठेवतो.

त्यात फवाऱ्याचे सूक्ष्म कण बंद स्वयंपाकघराच्या हवेत राहतात. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या वृद्धांना त्याने खोकल्याची उबळ येऊ शकते, श्वास लागू शकतो. फवाऱ्याच्या डब्यांतील द्रव्य ज्वलनशील असते, त्यामुळे पेटलेल्या शेगडीजवळ वा देवघरातील समईजवळ तो मारणे सरळ आगीला आमंत्रण आहे.

शेतातील विष स्वयंपाकघरात नको

आपला जिल्हा कपाशीचा, सोयाबीनचा, तुरीचा. अनेक घरांत फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली पडवीत किंवा कोठीच्या खोलीत असते. ‘एवढे किडींना मारते, तर मुंग्यांचे काय!’ या विचाराने तिचे चार थेंब पोछ्याच्या पाण्यात टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. वाचकहो, ही पद्धत आजच सोडून द्यावी. शेतातील कीटकनाशके उघड्या रानासाठी, ठरावीक पिकासाठी आणि ठरावीक प्रमाणासाठी बनवलेली असतात. ती त्वचेतून शरीरात शिरतात, त्यांची वाफ श्वासातून जाते. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. जे उघड्या शेतात धडधाकट माणसाला भोवले, ते बंद स्वयंपाकघरात, अनवाणी वावरणाऱ्या आजीला किती भोवेल याचा विचार करावा.

काही जुनी नावेही येथे सांगणे आवश्यक आहे. एके काळी घराघरांत असलेली गॅमेक्सिन पावडर म्हणजे लिंडेन. त्याच्या वापरावर भारतात २०१३ पासून बंदी आहे. ढेकूण-झुरळांसाठी वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस आणि शेतात दाणेदार स्वरूपात टाकले जाणारे फोरेट यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आली. घरातील जुन्या कपाटात यांपैकी एखादा डबा राहिला असेल, तर तो उघडू नये, नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला अथवा कृषी सहायकाला विचारूनच त्याची विल्हेवाट लावावी. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या तर राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. ओलसर हवेच्या संपर्कात त्यांतून निघणारा वायू झोपेतल्या माणसाचा जीव घेऊ शकतो.

दुकानात मिळणारा मुंग्यांचा खडू पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो, पण तो कीटकनाशकाचाच असतो. ओट्यावर, ताटांच्या मांडणीवर, डब्यांच्या फळीवर त्याच्या रेघा ओढल्या, तर ती पूड हाताला लागून अन्नात जाते. नातवंडे आणि विस्मरणाचा आजार असलेले ज्येष्ठ या दोघांच्याही हाती तो लागता कामा नये. डांबरगोळीचेही तसेच आहे. ती पांढऱ्या पेपरमिंटसारखी दिसते आणि पोटात गेल्यास रक्तावर घातक परिणाम करू शकते.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा: कोणतीही विषारी पूड रिकाम्या खाद्यपदार्थाच्या बरणीत भरून ठेवू नये. पांढरी पूड, अंधुक नजर आणि सवयीने पुढे जाणारा हात, एवढे तीन एकत्र आले की मीठ किंवा खाण्याचा सोडा समजून ती भाजीत पडायला वेळ लागत नाही.

पहिली पायरी: वाट पाहणे आणि पुसणे

मुंग्या दिसताच त्यांना पुसून टाकण्याआधी पाच मिनिटे केवळ पाहावे. त्या कोठून येतात, कोठे जातात? रांगेचे एक टोक अन्नापाशी असते आणि दुसरे टोक एखाद्या फटीत: खिडकीच्या चौकटीत, फरशी व भिंतीच्या सांध्यात, गॅसची नळी भिंतीतून येते त्या छिद्रात किंवा सिंकखालच्या पाइपाभोवती. ती जागा पेन्सिलीने खूण करून ठेवावी. डोळ्यांनी नीट दिसत नसल्यास हे काम घरातील मुलांवर सोपवावे; ती आनंदाने करतात.

मग अन्नापासचे टोक स्वच्छ करावे. भांडी घासण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब कोमट पाण्यात टाकून, त्यात फडके बुडवून, पिळून रांगेवरून फिरवावे. साबणाने गंधाची वाट धुतली जाते, केवळ कोरड्या फडक्याने ती जात नाही. अनेक जण व्हिनेगर किंवा लिंबाचा रस सुचवतात. त्यानेही काम होते, पण कडप्प्याच्या किंवा संगमरवरी ओट्यावर तो वापरू नये. आम्लाने दगडाची चकाकी जाते. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

येथे एक इशारा. साबणाच्या पाण्याने ओली झालेली फरशी ज्येष्ठांसाठी मुंग्यांपेक्षा अधिक धोकादायक असते. मांडीचे हाड मोडले तर महिनोन्‌महिने अंथरुण धरावे लागते. ओटा पुसावा, फरशीवर पाणी सांडले तर लगेच कोरड्या फडक्याने टिपावे आणि वरच्या फळीवरील मुंग्यांसाठी स्टुलावर चढण्याचे काम साठी उलटलेल्या कोणीही करू नये.

दुसरी पायरी: आमंत्रण मागे घेणे

मुंगीला आपल्या घराशी वैर नाही. तिला अन्न व पाणी मिळाले नाही तर ती दुसरीकडे जाते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वीची दहा मिनिटे या कामाला द्यावीत.

साखर, गूळ, मध आणि मिठाई घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. आटे असलेले झाकण मुंगी ओलांडते. आत रबराची कडी असलेला डबा अधिक चांगला. वर्ध्याचा गोरसपाक घरी आणला असेल, तर कागदी पुड्यात तसाच ठेवू नये. त्यातील तूप व साखर दोन्ही मुंग्यांच्या आवडीचे. तेलाच्या बरणीचा आणि मधाच्या बाटलीचा बाहेरून ओघळलेला भाग रोज पुसावा. खरकटी भांडी रात्रभर राहणारच असतील, तर ती पाण्यात बुडवून ठेवावीत. ओल्या कचऱ्याचा डबा रात्री घराबाहेर काढावा.

देवघर विसरू नये. नैवेद्याची खडीसाखर, पंचामृताचे थेंब, प्रसादाचा पेढा रात्रभर तसाच राहतो आणि मुंग्यांची वाट तेथूनच सुरू होते. नैवेद्य दाखवून झाल्यावर तो वाटून टाकावा, ठेवू नये. सकाळी मुंग्यांना पीठ-साखर घालण्याची रीत अनेक घरांत श्रद्धेने पाळली जाते. ती मोडण्याचे कारण नाही. मात्र उंबऱ्यावर किंवा ओसरीत न घालता अंगणाच्या टोकाला झाडाच्या बुंध्याशी घालावे. उंबऱ्यावरचे पीठ म्हणजे मुंग्यांना घराचा पत्ता देणेच.

पाण्याचीही तीच गोष्ट. उन्हाळ्यात मुंग्या गोडापेक्षा ओलाव्यासाठी येतात. ठिबकणारा नळ, माठाखाली साचलेले पाणी, कूलरची गळती, सिंकमधील ओली घासणी यांकडे लक्ष द्यावे.

आपल्या आजी-पणजींच्या काळात दूध-दही शिंक्यावर टांगलेले असे आणि जाळीच्या कपाटाचे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत उभे असत. पाण्याचा हा खंदक मुंगीला आजही ओलांडता येत नाही. गुळाचा डबा पाणी भरलेल्या परातीत ठेवण्याचा उपाय म्हणून अजूनही उत्तम. पण एक काळजी घ्यावी. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवड्याभरात अंड्याचा डास होतो. म्हणून वाट्यांतील पाणी दर दोन दिवसांनी ओतून, वाटी घासून, नवे भरावे. त्यात साबणाचा एक थेंब टाकल्यास मुंग्या पाण्यावरून तरंगत पलीकडे जात नाहीत.

तिसरी पायरी: दार बंद करणे

खूण केलेल्या फटी पांढऱ्या सिमेंटने किंवा फरश्यांच्या सांध्यांत भरतात त्या पावडरीने बुजवाव्यात. गवंडी मिळेपर्यंत ओलसर साबणाच्या वडीचा तुकडा फटीत दाबून भरला, तरी काही दिवस निभावते. विजेच्या पाटीत मुंग्या शिरत असतील, तर तेथे पाणी, फवारा किंवा पूड काहीही टाकू नये. विजेचे काम जाणणाऱ्या माणसाला बोलवावे. खिडकीला टेकलेली झाडाची फांदी छाटावी. अनेकदा मुंग्या त्या पुलावरूनच येतात.

हळद, लवंग, कापूर यांचे काय?

या पदार्थांच्या तीव्र वासाने मुंग्यांची वाट काही काळ मोडते, त्या वळसा घेतात. हळदीची बारीक रेघ खिडकीच्या चौकटीवर ओढणे, साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकणे यात अपाय काही नाही. पण वसाहत त्याने जात नाही, आणि वास उडाला की रांग पुन्हा सुरू होते. म्हणून त्यांना तात्पुरता उपाय मानावे. कापूर मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. थोडा कापूरही पोटात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात. रॉकेलचा पोछा तर सर्वथा टाळावा.

चौथी पायरी: आमिष, आणि तेही विचारपूर्वक

वरील तीन पायऱ्या दोन आठवडे पाळूनही मुंग्या येतच राहिल्या, तर आमिषाचा विचार करावा. आमिषाचे तत्त्व फवाऱ्याच्या उलट आहे. मुंगीला तेथल्या तेथे मारायचे नाही; तिला विषाचा अगदी सौम्य अंश पोटातून वसाहतीत नेऊ द्यायचा. मुंग्या पोटातील द्रव एकमेकींना भरवतात. असा तो अंश राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत पोचतो. म्हणूनच येथे विष जास्त घालणे चूक ठरते. वाटेतच मुंगी मेली, तर आमिष घरी पोचतच नाही.

यासाठी बोरिक अॅसिड वापरतात. कॅरमच्या काही पावडरी याच्याच असतात, पण सगळ्या नसतात. म्हणून औषधाच्या दुकानातून नाव वाचून घ्यावे. प्रमाण असे: अर्धा कप, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर कोमट पाणी, त्यात दोन चहाचे चमचे साखर आणि केवळ पाव चमचा, सपाट, बोरिक अॅसिड. पूर्ण विरघळवून त्यात कापसाचा बोळा भिजवावा. तो लहान प्लास्टिकच्या डबीत ठेवून डबीच्या कडेला सुईने चार-पाच भोके पाडावीत आणि झाकण चिकटपट्टीने बंद करावे. डबीवर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहावे. ही डबी मुंग्यांच्या प्रवेशाच्या फटीजवळ, सिंकखाली किंवा कपाटामागे ठेवावी. ओट्यावर वा अन्नाजवळ नाही. मुंग्या तुपाकडे वळत असतील, तर साखरेचे आमिष त्या नाकारतील. तेव्हा बाजारातील तयार आमिष-जेल वेष्टनावरील सूचना वाचून फटीत भरणे सोयीचे.

आमिष ठेवल्यावर त्या जागेची वाट पुसू नये आणि जवळपास फवारा मारू नये. पहिल्या दिवशी मुंग्या वाढलेल्या दिसतील. घाबरू नये, आमिष पोचत असल्याची ती खूण आहे. दर दोन दिवसांनी बोळा बदलावा. मुंग्या पुरत्या जायला एक ते तीन आठवडे लागू शकतात.

परंतु घरात रांगणारे मूल, मांजर-कुत्रा किंवा स्मृतिभ्रंशाची व्यक्ती असेल, तर हा घरगुती प्रयोग करू नये. वास्तविक अशा घरात पहिल्या तीन पायऱ्याच अधिक नेटाने कराव्यात. आमिष तयार केल्यावर कप व चमचा टाकून द्यावा, उरलेली पूड कुलपात ठेवावी, हात साबणाने धुवावेत.

रुग्णाच्या खोलीत विशेष काळजी

अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठाची सेवा करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. पक्षाघाताने ज्यांची हालचाल वा वाचा गेली आहे, मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना मुंगी चावलेली कळत नाही किंवा सांगता येत नाही. जखमेवरील ओल, तोंडातून गळणारी लाळ, नळीवाटे दिलेल्या अन्नाचे थेंब, खोकल्याच्या गोड औषधाची चिकट बाटली यांकडे मुंग्या जातात. १९७२ साली ब्रिटनमधील ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, रुग्णालयांतील फॅरो मुंग्या रोगजंतू वाहून नेऊ शकतात असा इशारा प्रसिद्ध झाला होता. म्हणजे ही बाब क्षुल्लक नाही.

पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. चादर, मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नये. पलंगाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, मात्र पलंग स्थिर राहतो ना, हे आधी पाहावे. औषधाची बाटली प्रत्येक वेळी पुसून ठेवावी. कवळी काढल्यावर धुऊन झाकणाच्या डबीत ठेवावी. जखमेची पट्टी ओली झाली, की लगेच बदलावी. सकाळ-संध्याकाळ कूस बदलताना पाठ, टाचा, बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. रुग्णाच्या खोलीत पूड, खडू वा फवारा मुळीच वापरू नये; ज्याला उठून खोलीबाहेर जाता येत नाही त्याच्याभोवती विष पसरवणे योग्य नाही.

मुंग्या आणि मधुमेह

लघवीच्या जागी मुंग्या लागल्या तर मधुमेहाची शंका घ्यावी, हे निरीक्षण आपल्याकडे फार प्राचीन आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत त्याचा उल्लेख आहे. आजही शौचालयात, लघवीच्या भांड्यापाशी किंवा रुग्णाच्या कपड्यांवर मुंग्या सतत दिसू लागल्या, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.५ टक्के वा अधिक असल्यास डॉक्टरांची भेट घ्यावी.

मात्र उलट अर्थ काढू नये. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते आणि वृद्धांत ही मर्यादा आणखी वर असू शकते. मुंग्या लागत नाहीत म्हणून मधुमेह नाही, असे समजणे धोक्याचे.

आणखी एक गोष्ट. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या शरीरातील जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा आटोक्यात असूनही लघवीला मुंग्या लागू शकतात. तो गोळीच्या कामाचाच परिणाम आहे. घाबरून गोळी बंद करू नये. भरपूर पाणी टाकून शौचालय स्वच्छ ठेवावे, अंगाची स्वच्छता राखावी आणि पुढील भेटीत डॉक्टरांना सांगावे.

चावल्यास किंवा विष पोटात गेल्यास

मुंगी चावल्यावर ती जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, खाजवू नये. मधुमेही व्यक्तीच्या पायावरील पुळीकडे आठवडाभर लक्ष ठेवावे. ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास लागणे किंवा भोवळ येणे यांपैकी काही झाले, तर थांबू नये. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

कीटकनाशक पोटात गेल्याची शंका आली, तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी वा दूध पाजू नये. कपड्यांवर सांडले असल्यास कपडे काढून अंग साबणाने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. विषाचे वेष्टन किंवा बाटली बरोबर घेऊन तत्काळ जिल्हा सामान्य रुग्णालयात अथवा सेवाग्राम, सावंगी येथील मोठ्या रुग्णालयात जावे. वेष्टन पाहिल्यावर डॉक्टरांना उपचाराची दिशा लवकर ठरवता येते.

शेवटी

अनेक ज्येष्ठांना जीव मारण्याचीच बोचणी असते आणि घरातील तरुण मंडळी त्यांच्या या भिडेला हसतात. हसू नये. १९३६ साली गांधीजी ज्या शेगावात राहायला आले आणि पुढे ज्याचे सेवाग्राम झाले, तेथे सापांचा वावर मोठा होता. त्यांना पकडून दूर सोडण्यासाठी वापरला जाणारा लाकडी चिमटा आणि पिंजरा आश्रमात आजही पाहायला मिळतो. घर सुरक्षित हवे, पण त्यासाठी हाती येईल त्या शस्त्राने वार करायलाच हवा असे नाही, एवढे त्या पिंजऱ्याकडे पाहून कळते. मुंग्यांच्या बाबतीत आरोग्यशास्त्राचा सल्लाही त्याच दिशेचा आहे. गंधाची वाट पुसावी, अन्न झाकावे, पाणी आटवावे, फट बुजवावी. बहुतेक घरांत एवढ्याने भागते. विषाची पाळी आलीच, तर ते थोडे, झाकलेले आणि नाव लिहिलेले असावे.

आज रात्री झोपण्यापूर्वी एवढेच करावे: ओटा साबणाच्या फडक्याने पुसावा, गुळाचा डबा परातीत ठेवावा आणि कपाटाच्या कोपऱ्यात एखादी नाव नसलेली पुडी किंवा जुनी बाटली आहे का, ते घरातील धडधाकट माणसाकडून पाहून घ्यावे.